रद्दीत गेलेला विठोबा

आषाढी आली की मला थोरले काका आठवतात. घरच्यांना सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगतो. काका मुंबईत कारकुनी करत, जमेल तेव्हा वारीला जात आणि कविता लिहीत. कविता विठोबावरच, पण अभंग नव्हेत. मुक्तछंदात विठोबाला सरळ लोकलच्या गर्दीत उभा करत. एका भक्तिपर मासिकाने 'चालीत बसत नाही' म्हणून त्या परत केल्या, तर एका वाङ्मयीन मासिकाने 'भजनी मंडळाकडे पाठवा' असं कळवलं. शेवटी त्या छापल्या अनियतकालिकांनी.

तेव्हा मला याचं नवल वाटायचं. लिटल मॅगझिनवाले म्हणजे देवधर्म मोडीत काढायला निघालेली टोळी, अशी आमच्या घरातली समजूत. पुढे वाचत गेलो तशी ती समजूत गळून पडली.

१९५४च्या सुमारास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढलं, ते सायक्लोस्टाइल करून. स्टेन्सिल कापायची, शाई भरून हँडल फिरवायचं, पानं जुळवून टाचायची. पैसे जमतील तेव्हा अंक, म्हणून तर 'अनियत' कालिक! १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचं 'असो' आलं. या मंडळींचं भांडण प्रस्थापित मासिकांशी होतं, तुकोबांशी नव्हतं. चित्रे विशीच्या आतबाहेर असतानाच तुकारामाचे इंग्रजी अनुवाद करू लागले होते. कोलटकरांनी केलेले तुकारामाचे अनुवाद १९६६ मध्ये निसीम इझिकेल यांच्या 'पोएट्री इंडिया'त आले. तेही छोटंसंच नियतकालिक, दोनेक वर्षांत बंद पडलेलं.

म्हणजे देवाशी भांडणारी, त्याला अरेतुरे करणारी कविता ना देवळाला हवी होती, ना प्रतिष्ठित मासिकांना. तिला जागा दिली ती या टाचलेल्या पानांनी. संतांनी तरी दुसरं काय केलं होतं?

पण या पानांचा एक मोठा दोष होता. ती टिकत नसत. कोलटकरांच्या 'जेजुरी'चंच बघा. त्यातली एक कविता साठच्या दशकात एका अल्पायुषी इंग्रजी अनियतकालिकात आली आणि मूळ हस्तलिखित गहाळ झालं. कोलटकर पुन्हा लिहायला बसले. ती मालिका १९७४ मध्ये एका त्रैमासिकात छापून आली, १९७६ मध्ये पुस्तक झालं आणि १९७७ मध्ये तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. पुस्तक काढलं ते 'क्लिअरिंग हाउस'ने, म्हणजे कोलटकरांसह चार कवींनी मिळून चालवलेल्या प्रकाशनाने. मोठ्या प्रकाशकाची वाट बघत बसले असते तर?

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, अशी आपली श्रद्धा. वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांना पाठ होते म्हणून तरले, असाही अर्थ काही जण लावतात. मला दुसरा अर्थ जास्त पटतो. कागद कोणाचाच टिकत नाही. कोणीतरी पुन्हा लिहावं लागतं, नाहीतर कोणाच्या तरी तोंडी असावं लागतं.

आता मुद्द्यावर येतो. इतकी वर्षं हे लिहायचं टाळत होतो.

काका १९९६ साली गेले. त्यांच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती. दोन वर्षांनी घराला रंग द्यायचा होता म्हणून मी ती रद्दीवाल्याकडे रिकामी केली. पिवळे पडलेले, गंजक्या टाचण्यांचे अंक, कडेला उंदरांनी कुरतडलेले. वजन साडेचार किलो भरलं. काकूने विचारलं, "त्यात ह्यांचं काही नव्हतं ना रे?" मी न बघताच "नाही" म्हणालो. काकूने पुन्हा कधी विचारलं नाही. काकांनी कवितांच्या नकला ठेवल्या नव्हत्या. छापून आल्या म्हणजे झालं, असं त्यांना वाटत असावं.

आज मला त्यातली एकही कविता पूर्ण आठवत नाही. लोकलमधला विठोबा तेवढा आठवतो, दांडीला धरून उभा, कारण कमरेवर हात ठेवायला जागाच नाही. ही कल्पना काकांची, शब्द मात्र माझे. त्यांचे शब्द मी साडेचार किलोत घालवले.

म्हणून नातेवाईकांना एक विनंती. काका आपले अंक हौसेने वाटत असत. कोणाच्या माळ्यावर, जुन्या पेटीत एखादा सापडला तर फेकू नका, मला कळवा. आणि कोणाला त्यांची एखादी ओळ पाठ असेल तर तीही लिहून पाठवा. अर्धवट असली तरी चालेल.

काकू यंदा ब्याऐंशीची झाली. अंक सापडला तर आधी तिला वाचून दाखवीन. नाही सापडला, तरी खरं काय घडलं ते तिला सांगणार आहे.

असो.