नीट कोणत्या वर्षी द्यायची? धारगळ, पेडणे, डिचोली आणि सीमेपलीकडच्या घरांसाठी माहिती

धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं. मोपा विमानतळाचं उद्घाटनही त्याच दिवशी. तेव्हापासून पेडणे तालुक्यातल्या मुलांना वैद्यकीय शिक्षण म्हणजे नेमकं काय ते घराजवळच दिसू लागलं आहे. पण संस्था गावात आली म्हणून तिथला प्रवेश गावच्या मुलाला सोपा झाला, असं होत नाही. आयुर्वेदाच्या पदवीला असो की बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला, वाट एकच आहे. नीट.

ही परीक्षा कधी द्यायची, असा प्रश्न घरात निघाला की बोलणं बहुतेक बारावीवरून सुरू होतं. सीमेवरच्या घरांना तेवढं पुरत नाही. सातार्डा, बांदा, दोडामार्गची मुलं गोव्यात शिकायला येतात आणि गोव्याची काही मुलं पलीकडे जातात. अशा घरात नीटचं नियोजन दहावीच्या आधीच सुरू व्हायला हवं. कारण परीक्षा देशभर एकच असली तरी सरकारी जागांचा मोठा भाग राज्याराज्यांत वाटलेला आहे, आणि आपण कोणत्या राज्याचे हे तिथे शाळेच्या दाखल्यावरूनही ठरतं.

परीक्षा थोडक्यात

नीट वर्षातून एकदाच होते. २०२३ मध्ये ती ७ मे, २०२४ मध्ये ५ मे आणि २०२५ मध्ये ४ मे रोजी झाली. तिन्ही वेळा मे महिन्याचा पहिला रविवार होता. कोविडच्या काळात हे वेळापत्रक कोलमडलं होतं. २०२० ची परीक्षा १३ सप्टेंबरला, २०२१ ची १२ सप्टेंबरला आणि २०२२ ची १७ जुलैला झाली. म्हणून मे धरूनच तयारी करावी, पण तारखेची खात्री मात्र एनटीएच्या त्या वर्षीच्या सूचनेवरूनच करावी.

२०२५ मध्ये पेपर १८० प्रश्नांचा, ७२० गुणांचा आणि तीन तासांचा होता. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५ आणि जीवशास्त्र ९० प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलेल्याला १ गुण वजा. त्याआधीची चार वर्षं २०० प्रश्नांतून १८० सोडवायची सवलत होती, ती त्या वर्षी गेली. जुने पेपर सोडवताना हा फरक लक्षात ठेवावा.

वय आणि संधी किती

प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. उदाहरणार्थ, २०२६ च्या प्रवेशासाठी जन्म ३१ डिसेंबर २००९ किंवा त्याआधीचा लागतो. मुलाला पहिलीत लवकर घातलं असेल तर हा हिशोब आधीच करून ठेवावा. जन्म जानेवारी २०१० चा असेल तर बारावीला कितीही गुण पडले तरी ते वर्ष हातचं जातं.

वयाची वरची मर्यादा २०२२ पासून उठली आहे. किती वेळा परीक्षा द्यावी यालाही बंधन नाही. बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गाला ४० टक्के लागतात.

भारतातल्या प्रवेशाला नीटचे गुण त्याच वर्षापुरते चालतात. यंदाचे गुण पुढच्या वर्षी दाखवता येत नाहीत. परदेशात एमबीबीएसला जाणाऱ्यांसाठी मात्र पात्रतेचा निकाल तीन वर्षं धरला जातो.

खरा प्रश्न: दहावी-बारावी कुठे?

सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या असतात. त्या देशातल्या कुणालाही खुल्या असतात आणि दिल्लीची वैद्यकीय समुपदेशन समिती त्या भरते. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या. गोवा मेडिकल कॉलेजातल्या एमबीबीएसच्याही १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. बाकीच्यांसाठी गोव्याच्या अटीत बसावं लागतं.

*गोवा.* प्रवेश पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होतात. गोव्यातलं सलग वास्तव्य आणि गोव्यातलं शिक्षण, दोन्ही पाहिलं जातं. किती वर्षांचं वास्तव्य आणि कोणत्या इयत्तेपासूनचं शिक्षण, हे माहितीपुस्तिकेत प्रवर्गानुसार दिलेलं असतं. 'आमचं घर धारगळला आहे' हे तोंडी सांगून चालत नाही. ते कागदावर दिसावं लागतं.

*महाराष्ट्र.* प्रवेश राज्य सीईटी कक्षामार्फत. राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी सर्वसाधारण अट अशी की विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी हवा आणि दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण हवी. काही प्रवर्गांना अपवाद आहेत, पण ते सगळ्यांसाठी नाहीत.

*कर्नाटक.* प्रवेश कर्नाटक परीक्षा प्राधिकरणामार्फत. राज्यात किमान सात वर्षं शिक्षण ही तिथली मुख्य अट. बेळगाव-खानापूरकडच्या मराठी मुलांना आणखी एक दार आहे. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ सीमागावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत वेगळी तरतूद आहे. गोव्यातली गावं तिच्यात येत नाहीत, म्हणून पेडणे-डिचोलीच्या मुलांनी तिच्यावर भिस्त ठेवू नये.

आता एक उदाहरण घेऊ. बांद्याच्या मुलीने दहावी गावच्या शाळेत केली. कॉलेज जवळ पडतं म्हणून अकरावी-बारावी पेडण्यात केली. बारावी गोव्याची झाल्यामुळे महाराष्ट्राच्या सर्वसाधारण अटीतून ती बाहेर पडते. गोव्यात सलग वास्तव्य नसल्याने गोव्याच्या अटीतही बसत नाही. सिंधुदुर्गचं सरकारी मेडिकल कॉलेज तिच्या स्वतःच्या जिल्ह्यात, ओरोसला आहे, पण तिथल्या राज्य कोट्याच्या जागा तिच्यासाठी उरत नाहीत. हाती राहतो तो अखिल भारतीय कोटा आणि भरमसाट फीची अभिमत विद्यापीठं. धारगळच्या मुलाने दहावी सिंधुदुर्गात किंवा बारावी कोल्हापूरच्या क्लासला जोडलेल्या कॉलेजात केली, तर त्याचीही तीच गत होऊ शकते.

बस कुठून सुटते आणि कॉलेज किती जवळ, यावर अकरावीचा प्रवेश ठरवू नये. त्याआधी आपल्या राज्याची मागच्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचं पान वाचावं. वाचायला अर्धा तास लागतो आणि चूक झाली तर नंतर ती दुरुस्त करता येत नाही.

बारावीबरोबरच द्यायची की थांबायचं?

पहिली संधी बारावीच्या वर्षीच घ्यावी. 'तयारी झाली नाही, पुढच्या वर्षी बघू' म्हणून अर्जच न भरणं नुकसानीचं. मेमधल्या त्या तीन तासांचा अनुभव घरच्या सराव परीक्षेत येत नाही, आणि संधी मोजल्या जात नाहीत.

बारावीनंतर हाती किती दिवस उरतात हे मंडळावर अवलंबून असतं. २०२५ मध्ये गोवा मंडळाची बारावी १० फेब्रुवारीला सुरू होऊन १ मार्चला संपली. नीट ४ मेला होती, म्हणजे नऊ आठवडे मोकळे मिळाले. महाराष्ट्राची बारावी ११ फेब्रुवारीला सुरू होऊन मार्चमध्ये संपली. सीबीएसईची बारावी ४ एप्रिलपर्यंत चालली, म्हणजे शेवटच्या पेपरला बसलेल्याकडे जेमतेम महिना उरला. गोवा मंडळाच्या मुलांची ही जमेची बाजू आहे, पण अभ्यासक्रम जानेवारीत पूर्ण झाला असेल तरच. नऊ आठवडे उजळणीला पुरतात, नवीन धडे शिकायला नाही.

नीटचा अर्ज ऐन बारावीच्या धामधुमीत भरावा लागतो. २०२५ मध्ये मुदत ७ फेब्रुवारी ते ७ मार्च होती. म्हणून फोटो, सही आणि दाखले जानेवारीतच तयार ठेवावेत आणि अर्जाचं काम पालकांनी अंगावर घ्यावं.

एक वर्ष ड्रॉप घ्यावा का?

निकालानंतर घरात सगळ्यात जास्त वाद होतो तो यावरून. तेव्हा नुसत्या गुणांकडे बघू नये, क्रमांकाकडे बघावं. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतर १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्याला ६८६. पेपर कठीण निघाला की सगळ्यांचेच गुण खाली येतात. म्हणून 'शेजारच्या मुलाला अमुक गुणांवर मिळालं होतं' हा हिशोब दरवर्षी लागू पडत नाही. आपल्या राज्यात, आपल्या प्रवर्गात शेवटचा प्रवेश कितव्या क्रमांकावर झाला, हे मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रवेश याद्यांत पाहावं. आपण त्याच्या जवळ आहोत की फार लांब, ते तिथेच कळतं.

मग कमी कुठे पडलं ते शोधावं. समजा १४० उत्तरं बरोबर आणि ४० चूक, तर गुण ५६० वजा ४० म्हणजे ५२०. त्याच मुलाने खात्री नसलेले ३० प्रश्न सोडले असते तर १० गुण वजा होऊन ५५० झाले असते. अशी चूक सरावाने सुधारते, तिथे वर्ष दिलं तर फळ मिळण्यासारखं असतं. पण दोन वर्षं नियमित क्लास करूनही भौतिकशास्त्र डोक्यात शिरत नसेल, तर तिसरं वर्ष त्याच पद्धतीने घालवून काय बदलणार, हे मुलाला विचारावं. आणि त्याचं उत्तर ऐकून घ्यावं.

मधला मार्गही आहे. बीएस्सीला प्रवेश घेऊन सोबत नीट देता येते. वर्ष रिकामं जात नाही, पण वेळ वाटला जातो. बीएएमएस किंवा बीडीएसला प्रवेश घेऊन पुन्हा नीट द्यायची असेल, तर मूळ दाखले कॉलेजात अडकतात आणि मध्येच सोडल्यास फी भरावी लागू शकते. अखिल भारतीय प्रवेशाच्या शेवटच्या मुक्त फेरीत मिळालेली जागा घेतली नाही, तर अनामत जाते आणि पुढच्या नीटला बसण्यावर बंदी येऊ शकते. फेरीत नाव घालण्याआधी त्या वर्षीचे नियम वाचावेत.

फक्त एमबीबीएसच नव्हे

बांबोळीलाच गोवा दंत महाविद्यालय आहे. शिरोड्यात आयुर्वेद आणि होमिओपॅथी, दोन्हींची कॉलेजं आहेत. धारगळची संस्था केंद्र सरकारची असल्याने तिथल्या प्रवेशासाठी आयुषची केंद्रीय समुपदेशन समिती पाहावी लागते. या फेऱ्या एमबीबीएसच्या मागून चालतात. जूनमध्ये निकाल लागला आणि एमबीबीएसचं जमेना म्हणून लगेच ड्रॉप जाहीर करण्याची घाई नको. आयुर्वेद मनापासून करायचा असेल तर त्या फेऱ्या संपेपर्यंत थांबावं. नुसती जागा मिळते म्हणून जायचं असेल, तर साडेपाच वर्षं आहेत हे लक्षात घ्यावं.

मराठीतून पेपर

नीट १३ भाषांत होते. त्यात मराठी आहे, कोंकणी नाही. मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. गोव्यातलं केंद्र घेतलं तर इंग्रजी, हिंदी किंवा उर्दू एवढेच पर्याय. गोव्यात अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतून असल्याने बहुतेक मुलांना इंग्रजीच सोयीचं पडतं. मराठी निवडायचं असेल तर अर्ज भरतानाच सीमेपलीकडचं केंद्र घ्यावं लागतं. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर अंतिम धरला जातो.

कोणत्या वर्षी काय करावं

- आठवी-नववी: कोणत्या राज्यातून प्रवेश घ्यायचा ते ठरवावं. वास्तव्याचे कागद एकाच पत्त्यावर आणावेत.
- दहावी: अकरावीच्या कॉलेजआधी राज्याची पात्रतेची अट वाचावी.
- अकरावी: जातीचा दाखला काढावा. महाराष्ट्रात जात पडताळणीला वेळ लागतो, तो अर्ज याच वर्षी करावा. एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या कोट्यात सहसा चालत नाही.
- बारावी, जूनपासून: मामलेदार कार्यालयातून वास्तव्याचा दाखला काढावा. डिसेंबर-जानेवारीपर्यंत अभ्यासक्रम संपवावा.
- फेब्रुवारी-मार्च: नीटचा अर्ज भरावा. नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच ठेवावं.
- एप्रिल: नॉन क्रीमीलेयर आणि आर्थिक दुर्बल घटकाचे दाखले नव्या आर्थिक वर्षाचे काढावेत. केंद्राच्या आणि राज्याच्या फेऱ्यांना नमुने वेगळे लागतात.
- मे: पेपर दुपारी २ ला, पण फाटक दीडला बंद होतं. पेडण्याहून लांबचं केंद्र आलं तर सकाळीच निघावं.
- निकालानंतर: केंद्र, राज्य आणि आयुष यांचे अर्ज वेगळे भरावे लागतात. एक भरला म्हणजे तिन्ही भरले, असं होत नाही.

अभ्यास मुलानेच करायचा आहे. पण कोणत्या राज्यातून दहावी, कुठून बारावी आणि कोणता दाखला कधी, हे पंधरा वर्षांच्या मुलाने ठरवायचं नसतं. तेवढा हिशोब घरच्या मोठ्यांनी वेळेत केला, तर मुलाला मिळालेल्या गुणांचं चीज होतं.