वेष आणि आदेश

गेल्या वर्षीच्या जत्रेत, पालखी देवळात परतल्यावर, माझ्या भाच्याने खाज्यांच्या दुकानांशेजारी मांडलेल्या खेळण्यांतून प्लास्टिकचा एक पांढरा मुखवटा विकत घेतला. डोळ्यांच्या जागी काळ्या काचा, तोंडाच्या जागी जाळी, आणि मानेपर्यंत उतरणारा टोप. "मामा, हा शिपाई कुठल्या देशाचा?" असे त्याने मला विचारले. "कुठल्याच नाही, सिनेमातला आहे," असे सांगून मी वेळ मारून नेली. परंतु वकिली करणाऱ्या मनुष्यास आपलीच विधाने मागाहून तपासण्याची खोड असते. घरी पोचेपर्यंत मला वाटू लागले की, हे उत्तर उलटतपासणीस टिकणारे नाही. त्या शिपायाला देश आहे. एक नव्हे, अनेक आहेत. आणि त्या साऱ्या कथेचा एक धागा आपल्या भूमीपर्यंतही येऊन पोचतो.

ज्या चित्रपटातून हा मुखवटा जगभर पसरला तो 'स्टार वॉर्स' अमेरिकेत २५ मे १९७७ रोजी प्रथम प्रदर्शित झाला. त्यात एक जुलमी साम्राज्य आहे, त्याविरुद्ध उठलेले मूठभर बंडखोर आहेत, आणि हे सारे घडते ते पृथ्वीपासून फार दूरच्या ग्रहमालिकांत. अशा कथेच्या पोशाखांसाठी दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांनी निवडलेला मनुष्य मात्र भविष्यकाळात रमणारा नव्हता. जॉन मोलो हे गतकाळाचे अभ्यासक. त्यांचा जन्म लंडनमध्ये १९३१ साली झाला. वडील रशियातून आलेले निर्वासित आणि सैनिकी गणवेशांचे संग्राहक. मुलांनाही तोच नाद लागला. सतराव्या शतकापासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या मोठ्या फौजांच्या गणवेशांचा तौलनिक इतिहास सांगणारा मोलो यांचा ग्रंथ १९७२ साली निघाला. 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' आणि 'बॅरी लिंडन' या ऐतिहासिक चित्रपटांना त्यांनी सल्लागार म्हणून साहाय्य केले होते. परंतु पोशाखांची सारी जबाबदारी अंगावर घेण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग होता.

ल्यूकस यांची अपेक्षा थोडक्यात अशी होती की, नायकांकडे पाहून अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरील घोडेस्वारांची आठवण व्हावी, आणि साम्राज्याच्या माणसांकडे पाहून युरोपातील हुकूमशाहीची. मोलो यांनी लंडनमधील एका जुन्या वेषभांडाराची कपाटे उघडली. खलनायक डार्थ वेडर याचे पहिले रूप उभे राहिले ते मोटारसायकलस्वाराचा चामडी पोशाख, जर्मन शिरस्त्राण, विषारी वायूपासून रक्षण करणारा मुखवटा आणि मध्ययुगीन धर्मगुरूचा झगा एकत्र करून. भविष्याचा राक्षस भूतकाळाच्या जुन्या कपड्यांतून जन्मास आला, असे म्हणावयास हरकत नाही.

साम्राज्याच्या अधिकाऱ्यांचा पोशाख पाहावा. छातीवर एका बाजूने दुसरीवर आलेला घट्ट कोट, मांडीशी फुगीर विजार, गुडघ्यापर्यंतचे बूट. हा घाट मुळात उलान नावाच्या भालाईत घोडेस्वारांचा. 'उलान' हा शब्द तुर्की वंशाच्या भाषांतील. त्याचा अर्थ तरुण. पोलंड आणि लिथुएनिया येथे वसलेल्या तातारांच्या पथकांतून हे घोडेस्वार पुढे आले, आणि पाहता पाहता प्रशिया, ऑस्ट्रिया व रशिया यांनी त्यांचा वेष उचलला. घोडेस्वाराच्या फुगीर विजारीचा एक प्रकार तर आपल्याकडून युरोपात गेला. इंग्रजी भाषेत त्याला आजही जोधपूरचेच नाव आहे.

रंगाची गोष्टही अशीच. साम्राज्याचे अधिकारी लाल-निळ्या भडक रंगांत नाहीत. ते धुरकट, राखाडी-हिरव्या कापडात आहेत. लांब पल्ल्याच्या बंदुका आणि धूर न करणारी दारू आल्यावर झळकणारा शिपाई आधी मरू लागला, म्हणून फौजांनी भूमीचा रंग पांघरला. या बदलाचा एक आरंभ आपल्या खंडातला आहे. १८४६ साली पेशावर येथे हॅरी लम्सडेन याने 'गाइड्स' नावाची पलटण उभारली, आणि तिच्या शिपायांना धुळीच्या रंगाचे कपडे दिले. फारसीत खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. पुढे अर्ध्या शतकाने ब्रिटिशांची सारी फौज खाकी झाली, आणि जर्मनांनीही १९१० च्या सुमारास आपला राखाडी रंग ठरविला.

आता भाच्याच्या मुखवट्याकडे वळू. या शिपायांचे चित्रपटातील नाव आहे 'स्टॉर्मट्रूपर'. हे नाव ल्यूकस यांनी घडविलेले नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांची कोंडी फोडण्यासाठी जर्मनांनी १९१५ पासून निवडक धाडसी सैनिकांची लहान पथके तयार केली. त्यांना वादळी तुकड्या म्हणत. युद्धानंतर तेच तेजस्वी नाव हिटलरच्या पक्षाने आपल्या रस्त्यावरच्या दांडगाई करणाऱ्या दलास दिले. खंदकात मरण पत्करणाऱ्या सैनिकाची कीर्ती, निःशस्त्र शेजाऱ्याच्या दुकानाच्या काचा फोडणाऱ्यास अशी फुकटात मिळाली. नावाची चोरी ही वस्तूच्या चोरीहून अधिक फलदायी असते, हे राजकारणातील जुने सत्य आहे.

डार्थ वेडरच्या काळ्या शिरस्त्राणाचा मागे व बाजूंना पसरलेला घेर जपानी सामुराईंच्या शिरस्त्राणाची आठवण देतो, तशीच १९१६ सालच्या जर्मन पोलादी टोपाचीही. तो टोप हॅनोव्हर येथील फ्रीडरिख श्वेर्ड या शास्त्रज्ञाने आखला. तोपर्यंत जर्मन शिपाई टोकदार कळसाचा चामडी टोप घाली; तोफगोळ्यांच्या तुकड्यांपुढे त्याचा काही उपयोग होत नसे. नव्या टोपाचा घेर कान आणि मान वाचविण्यासाठी होता. त्या आकारात दुष्टपणाचा लवलेशही नव्हता. याला पुरावा असा की, १९८० च्या दशकात खुद्द अमेरिकेच्या सैन्याने आपला जुना टोप टाकून जवळजवळ याच घाटाचा नवा टोप स्वीकारला. कारण तो डोके अधिक चांगले राखतो. आकार निर्दोष होता. त्याखाली असलेल्या माणसांनी १९३३ ते १९४५ या काळात जे केले, त्याने तो आकार भयाचे चिन्ह झाला.

काळ्या पोशाखाचेही तेच. हिटलरच्या एस्. एस्. दलाचा काळा गणवेश १९३२ साली ठरला. त्याच्या टोपीवरील कवटीचे चिन्ह त्यांनी निर्माण केले नव्हते; अठराव्या शतकात फ्रेडरिक राजाच्या काळी प्रशियाचे काही घोडेस्वार ते मिरवीत असत, आणि तेव्हा त्याचा अर्थ मरणाची बेफिकिरी एवढाच होता. हे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत मेट्झिंगन गावचा ह्यूगो बॉस याचा कारखाना होता. पोशाखाची आखणी त्याची नव्हती. तो शिवून देणारा. परंतु युद्धकाळात त्या कारखान्यात सुमारे १४० वेठबिगार आणि ४० फ्रेंच युद्धकैदी राबत होते, आणि २०११ साली त्या कंपनीने याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. कापडाला पाप लागत नाही हे खरे. तथापि कापड कोणाच्या हातांनी शिवले गेले, हा प्रश्न उरतोच.

इतके सारे उसने घेतल्यावर चित्रपटाने स्वतःची अशी कोणती भर घातली? माझ्या मते एकच: त्याने चेहरा काढून घेतला. जर्मन शिपायाच्या टोपाखाली निदान डोळे दिसत. येथे पांढऱ्या कवचाखाली कोण आहे हे कळावयास मार्गच नाही. कथेत नायक दोन शिपायांची कवचे पळवून अंगावर चढवितात, आणि शत्रूच्या गोटात निर्धास्त फिरतात; कोणी त्यांस विचारीत नाही. प्रेक्षक हसतो, परंतु मर्म तेथेच आहे. जो वेष घातल्यावर आत कोण आहे याची कोणासच आवश्यकता वाटत नाही, त्या वेषाने मनुष्य पुसून टाकलेला असतो.

येथे आमच्या व्यवसायाचा प्रश्न उभा राहतो. वेषाने पुसलेल्या मनुष्याने केलेले कृत्य कोणाचे? ८ ऑगस्ट १९४५ रोजी दोस्त राष्ट्रांनी न्यूरेंबर्ग येथील खटल्यांसाठी जी सनद केली, तिच्या आठव्या कलमाने याचे उत्तर दिले: वरिष्ठाची आज्ञा होती एवढ्याने आरोपी सुटत नाही; शिक्षा सौम्य करताना मात्र न्यायालय तिचा विचार करू शकेल. आपल्या १८६० च्या दंडसंहितेतील ७६ व्या कलमाखाली शिपायाचे उदाहरण आहे. वरिष्ठाच्या हुकमावरून जमावावर गोळी झाडणारा शिपाई अपराधी नाही, परंतु तो हुकूम कायद्याच्या आज्ञेस धरून असला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४ व्या कलमातही हे उदाहरण कायम आहे. त्या एका अटीत सारे नीतिशास्त्र साठविले आहे. आणि ती अट केवढी नाजूक आहे हे १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरला दिसले. जालियनवाला बागेत ५० शिपायांनी सुमारे दहा मिनिटांत १६५० गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्याप्रमाणेच ३७९ माणसे मेली. हुकूम देणारा इंग्रज होता. खाकी वेषातील बंदूकधारी आपल्याच खंडातले होते.

या पांढऱ्या मुखवट्याने इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाचीही पायरी चढलेली आहे. १९७६ साली चित्रपटासाठी ही शिरस्त्राणे साच्यातून काढून देणारे कारागीर अँड्र्यू एन्स्वर्थ हे पुढे त्यांच्या प्रतिकृती विकू लागले, आणि चित्रपटाच्या कंपनीने त्यांजवर दावा केला. वाद असा की, शिरस्त्राण हे कायद्याच्या अर्थाने शिल्प आहे काय? २७ जुलै २०११ रोजी न्यायालयाने सांगितले की, नाही. कलाकृती म्हणावयाची ती चित्रपटास. शिरस्त्राण हे तो तयार करण्याचे एक साधन. मूर्ती आणि दगड यांतील भेद जाणणाऱ्या आपल्या वाचकांस हा निर्णय परका वाटणार नाही. नुसत्या आकाराला सामर्थ्य नसते. ते त्याला दिले जाते, आणि देणारी माणसेच असतात.

शेवटी त्या धाग्याविषयी. मोलो यांना 'स्टार वॉर्स'साठी ऑस्कर पारितोषिक मिळाले ते १९७८ साली. त्यांचे दुसरे ऑस्कर ११ एप्रिल १९८३ रोजी 'गांधी' चित्रपटाच्या पोशाखांसाठी जाहीर झाले, आणि त्यात त्यांच्या बरोबरीच्या मानकरी होत्या भानू अथैया. या पूर्वाश्रमीच्या राजोपाध्ये. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. ऑस्कर मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०१२ साली त्यांनी आपली ती मूर्ती सुरक्षित राहावी म्हणून अकादमीकडे परत सोपविली. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले.

या दोघांच्या चित्रपटात एकीकडे खाकी आहे आणि दुसरीकडे खादी. खादीही एका अर्थी गणवेशच. लाखो लोकांनी ती एकाच रंगाची, एकाच निष्ठेने घातली. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरेस गांधीजींनी केवळ पंचा नेसण्याचा निश्चय केला, तोही वेषच होता. परंतु त्या वेषात चेहरा झाकलेला नव्हता, आणि तो घालणारा मनुष्य आपल्या कृत्याची जबाबदारी दुसऱ्यावर टाकीत नसे. न्यायालयात उभे राहून शिक्षा मागून घेई. आपल्या देवळातील पुजारी सोवळे नेसतो तेव्हा त्याची मोकळीक वाढत नाही, बंधने वाढतात. मीही रोज काळा कोट चढवितो, आणि त्याने माझ्या जिभेला मुभा मिळण्याऐवजी लगाम लागावा अशी अपेक्षा आहे. ती दरवेळी पुरी होते असे शपथेवर सांगवणार नाही.

भाच्याला आता हे सारे एकदम सांगता येणार नाही. परंतु यंदाच्या जत्रेत तो मुखवटा घालून माझ्यासमोर उभा राहिला, तर शिपायाचा देश सांगण्याआधी मी त्याला तो जरा वर उचलावयास सांगेन, आणि खाली कोण आहे ते पाहून मग पुढचे बोलेन.