लोणावळ्यात जुनं घर घेताय? खोल्यांआधी वारस मोजा

लोणावळा म्हटलं की चिक्की, धुकं आणि पाऊस. पण तुंगार्ली, भांगरवाडीच्या शांत गल्ल्यांत शिरलं की जुनी कौलारू घरंही दिसतात. 1863 मध्ये बोरघाटातला रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि मुंबईकरांना हवापालटासाठी इथं घर बांधणं सोपं झालं. अशी घरं विक्रीला निघतात तेव्हा खरी अडचण वेगळीच असते. घर आजोबांच्या नावावर आणि विकायला आलेला असतो एक नातू.

मालक कोण, हे कुठं कळतं?

शहरात मिळकत पत्रिका, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड पाहायचं. घर सर्व्हे नंबरच्या जमिनीवर असेल तर सातबारा आणि जुने फेरफार पाहायचे. मावळातल्या गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना 8 दाखवला जातो. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही.

सह्या कोणाकोणाच्या हव्यात?

आजोबांनी स्वतः बांधलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं आजीला आणि मुलींनाही मुलांइतकाच वाटा मिळतो. राहत्या घराची वाटणी मागण्यावर मुलींना असलेलं बंधन 2005 मध्ये निघालं. म्हणजे लग्न होऊन गेलेल्या आत्याची आणि ती हयात नसेल तर तिच्या वारसांची सही हवीच. आत्यानं हक्क सोडला असेल, तर नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागा. पारशी कुटुंबाचा बंगला असेल तर 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो.

एकाच भावाचा हिस्सा घेतला तर?

स्वस्तात मिळेल, पण राहायला मिळेलच असं नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 सांगतं की, एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा विकत घेणाऱ्या बाहेरच्या माणसाला त्या घराचा सामाईक ताबा मागता येत नाही. मग वाटणीचा दावा लावावा लागतो, आणि त्यात वर्षं जातात.

टोकन देण्याआधी काय करायचं?

- वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या.
- वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवा.
- वंशावळ मागा आणि सगळे वारस खरेदीखतावर सही करतील याची खात्री करा.
- आउटहाउसमध्ये भाडेकरू किंवा राखणदार राहतो का, ते स्वतः जाऊन बघा.
- घर जुलैत बघा. छत गळतं की नाही, हे लोणावळ्याचा पाऊसच सांगतो.