साठवण्याचा गुन्हा

इतिहासात जर-तरला अर्थ नसतो म्हणतात. तरी परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आमचा तोच खेळ रंगला: अन्न टिकवण्याचा एखादा नैसर्गिक उपाय जगाला शंभर वर्षं आधी सापडला असता तर? कुणी नेपोलियनच्या सैन्यापासून सुरुवात केली. सैन्याला टिकाऊ अन्न हवं होतं, म्हणून निकोला अप्पेरला 1810 साली फ्रेंच सरकारनं 12 हजार फ्रँक दिले. ते अन्न नेमकं का टिकतं, हे कळायला पुढे पाश्चर यावा लागला.

मला मात्र मोखाडा आठवला.

एप्रिलमध्ये जव्हारहून तिकडे जाताना एका पाड्यावर थांबलो होतो. अंगणभर मोहाची फुलं वाळत घातलेली. "किती दिवस टिकतात?" मी विचारलं. "पुढचा मोह येईस्तोवर," मावशी म्हणाल्या.

ताजं मोहाचं फूल रसाळ असतं आणि लगेच आंबायला लागतं. पण त्यात साखर भरपूर असते. उन्हात पाणी उडालं की उरलेलं पाणी ही साखर धरून ठेवते, जंतूंना ते मिळतच नाही. मुरांब्याची युक्तीच ती, फक्त इथे पाक झाडच करून देतं. मार्च-एप्रिलमध्ये वेचलेलं फूल आषाढ-श्रावणात कामी येतं. आदल्या वर्षीची नागली-वरई संपलेली असते आणि नवी अजून शेतात उभी असते, तेव्हा. म्हणजे आम्ही कॅन्टीनमध्ये ज्याची कल्पना करत होतो, तो शोध इथे कधीच लागलेला होता.

मग इतिहास का बदलला नाही?

कारण याच फुलाची दारू होते, आणि दारूवर सरकारचा महसूल होता. 1878 च्या अबकारी कायद्यानं मुंबई इलाख्यात दारू गाळण्यावर सरकारची पकड घट्ट झाली. घरोघरची भट्टी पकडणं अवघड, म्हणून 1892 मध्ये खास मोहाचा कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं साठवण्यावरच बंधनं आली. जव्हार तेव्हा मुकणे राजांचं संस्थान होतं, पण मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात होता. ज्या कणगीत पावसाळ्याची बेगमी असायची, तीच आता संशयाचा पुरावा झाली.

पुढच्या आठ वर्षांत इलाख्यानं दोन मोठे दुष्काळ पाहिले: 1896-97 आणि 1899-1900. धान्य महागलं की जंगलातलं अन्नच गरिबाचा आधार. नेमकं तेच साठवायची चोरी.

इंग्रज गेले, तरी 1949 च्या दारूबंदी कायद्यात मोहफुलांवरचं नियंत्रण राहिलंच. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्याला कारणं अनेक होती: रस्ते, दवाखाने, रोजगार, रेशन. सगळं खापर एका फुलावर फोडता येणार नाही. पण भुकेचे महिने ओळखून त्यांची तजवीज करणाऱ्या लोकांना आपण शंभर वर्षं दारूवाले म्हणूनच बघत राहिलो, हेही खरंच.

महाराष्ट्रानं मोहफुलांवरचे निर्बंध उठवले ते 2021 मध्ये. 1892 पासून मोजा, 129 वर्षं.

पुढच्या वेळी कॅन्टीनमध्ये तो खेळ निघाला की मी प्रश्न बदलणार आहे. शोध आधी लागला असता तर काय, हे नंतर बघू. ज्यांना तो आधीच लागला होता, त्यांना कणगी भरू दिली असती तर?