वाळवण व साठवण (छत्रपती संभाजीनगर परिसर)

हंगामी धान्य, भाज्या व फळे उन्हात वाळवून अथवा मीठ, तेल, गूळ-साखर यांत मुरवून वर्षभरासाठी ठेवण्याची घरगुती परंपरा. मराठवाड्यात या खटाटोपाला ‘उन्हाळी कामे’ म्हणतात. होळीनंतर ती सुरू होतात व पावसापूर्वी उरकली जातात. मे महिन्यात येथील कमाल तापमान 40 अंश सेल्सियसच्या आसपास असते व हवा कोरडी असते. त्यामुळे वाळवण कोकणापेक्षा लवकर खडखडीत होते.

अन्न टिकवण्याची दुसरी वाट बाटलीबंद करण्याची. फ्रान्सच्या निकोला अपेरने 1810 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. पुढे युरोप-अमेरिकेत ती घराघरांत पोहोचली; येथे ती फारशी रुजली नाही. कमी आंबट (पीएच 4.6 हून अधिक) भाज्या बाटलीत टिकवायच्या तर दाबाखाली सुमारे 121 अंशांपर्यंत तापवाव्या लागतात, नाहीतर बोट्युलिझमचा धोका राहतो. याउलट वाळवणात पाणीच काढून टाकले जाते आणि ऊन फुकट मिळते.

धान्याची वाळवणे : या भागाची खरी ओळख यांतच आहे. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, पाणी रोज बदलतात. वाटून, पिळून निघालेला चीक रात्रभर ठेवला की पांढरा सत्त्वांश तळाशी बसतो. वरची निवळ ओतून देतात. पहाटे पाण्याला आधण आणून त्यात मीठ, हिंग व चीक घालतात आणि गुठळी होऊ न देता घोटतात. हे दोघींचे काम आहे, कारण एकीने पातेले धरल्याशिवाय दुसरीला घोटता येत नाही. चीक गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर कुरडया पाडतात. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या होतात. गरम चीक दूध-साखर किंवा तेल घालून खाणे हा मुलांचा हक्क समजला जातो.

खारोडी बाजरीची. ओलवून कांडलेल्या बाजरीची भरड लसूण, तिखट, जिरे, तीळ व मीठ घातलेल्या पाण्यात घट्ट शिजवतात आणि बोराएवढे गोळे तोडून कापडावर टाकतात. वाळल्यावर कापडाला उलट बाजूने पाणी शिंपडून त्या सोडवतात. खारोड्या तळतात, तशाच कच्च्याही शेंगदाण्यांबरोबर खातात. कुरडईइतकी प्रतिष्ठा खारोडीला मिळाली नाही, पण कोरडवाहू मुलखाची चव तिच्यातच आहे.

पापड, शेवया, सांडगे व मुगवड्या सर्वत्र होतात. ही कामे सावडीने, आज एकीच्या तर उद्या दुसरीच्या घरी चालतात. सोयगाव, कन्नड तालुक्यांत खानदेशाच्या शेजारामुळे पापडासारखे ज्वारीचे बिबडेही आढळतात.

भाज्या : गवार, भेंडी, मेथी, हरभऱ्याची पाने वाळवून ठेवतात.

लोणची : कैरी कोयीसकट फोडून घेतात. मंडईत मे-जूनमध्ये लोणच्याच्या कैऱ्या मुबलक येतात. लोणचे मृगाआधी घालावे की पहिल्या पावसानंतर, याबाबत घराघरांत मतभेद आहेत. चिनी मातीच्या बरणीत फोडींवर बोटभर तेल राहील असे बघतात व तोंडाला दादरा बांधतात. बरणी कोणी शिवावी याचे विटाळाचे नियम पूर्वी कडक होते. प्रत्यक्षात लोणचे बिघडते ते ओलाव्याने आणि तेल कमी पडल्याने. मराठवाडा केसर आंब्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी लोणच्याला गावरान कैरीच पसंत करतात. गोड प्रकारांत मोरंबा, साखरांबा व गुळांबा.

मुस्लिम घरांत ईदच्या शीरखुर्म्यासाठी शेवया करून ठेवतात.

सद्यःस्थिती : सदनिकांमुळे गच्ची व अंगण दुर्मीळ झाले आणि हे काम बरेचसे बचत गटांकडे गेले. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत (2020) अशा उद्योगांना 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद करण्यात आली. विकतच्या पुड्यांत मात्र सर्वत्र एकच चव येऊ लागली आहे. खारोडी, भुसवडी यांच्या घरागणिक बदलणाऱ्या पद्धती तालुकावार नोंदवून ठेवणे, त्या जाणणाऱ्या बायका आपल्यात आहेत तोवरच शक्य आहे.