इलेक्ट्रिक डर्ट बाइक : लहान घ्यावी की पूर्ण आकाराची?

गोव्यात वाड्यावाड्यावर दिसणारी हिरो स्प्लेंडर वजनाने सुमारे ११२ किलो भरते आणि तिची शक्ती आठ अश्वशक्तीच्या आसपास असते. हे दोन आकडे मनाशी धरून ठेवले, की इलेक्ट्रिक डर्ट बाइकच्या बाजारातील बराचसा गोंधळ निवळतो. चीनमधील सूर-रॉन कंपनीची ‘लाइट बी’ ही लहान गटातील सर्वांत परिचित गाडी. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांची कमाल शक्ती साधारण स्प्लेंडरइतकीच आहे, वजन मात्र स्प्लेंडरच्या निम्मे. स्पेनमधील बार्सिलोना येथे तयार होणारी ‘स्टार्क वार्ग’ डिसेंबर २०२१ मध्ये जगासमोर आली. ती पूर्ण आकाराची गाडी. तिचे वजन स्प्लेंडरच्या जवळपास आणि शक्ती ८० अश्वशक्तीपर्यंत, म्हणजे दसपट. दोन्ही गाड्यांना ‘इलेक्ट्रिक डर्ट बाइक’ असे एकच नाव असले, तरी त्यांच्यात होडी आणि बार्ज यांच्याएवढे अंतर आहे.

‘लहान’ या शब्दाचा अर्थ आधी स्पष्ट करून घेतलेला बरा. लाइट बी ही मुलांची गाडी नव्हे. तिचे आसन जमिनीपासून सुमारे ८३ सेंटिमीटर उंच आहे. स्प्लेंडरचे आसन साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरवर असते. लाइट बीची दोन्ही चाके १९ इंचांची असून तिचे बरेच सुटे भाग डोंगरउतारावरच्या सायकलींच्या घराण्यातले आहेत. पूर्ण आकाराच्या गाडीचे पुढचे चाक २१ इंचांचे, मागचे १८ किंवा १९ इंचांचे आणि आसन ९५ सेंटिमीटरच्या आसपास. पेट्रोलवर धावणाऱ्या २५० किंवा ४५० सीसीच्या मोटोक्रॉस गाडीचा जो सांगाडा असतो, तोच येथे असतो. लहान मुलांसाठी तिसराच गट आहे. केटीएमची ‘एसएक्स-ई ५’ आणि हुस्कवार्नाची ‘ईई ५’ या गाड्यांची कमाल शक्ती पाच किलोवॉट असून आसनाची उंची मुलाच्या वाढीनुसार बदलता येते. हिरोच्या ‘विडा’ विभागानेही २०२३ च्या मिलान प्रदर्शनात ‘अ‍ॅक्रो’ या नावाने अशाच प्रकारची संकल्पना मांडली होती.

आपल्याकडे शाळेचा गणवेश दोन बोटे सैल शिवण्याची पद्धत आहे. मूल वाढते, कापड वाया जाऊ नये, असा त्यामागचा हिशेब. हाच हिशेब पालक गाडी घेतानाही लावतात आणि येथे तो अंगाशी येतो. सैल सदऱ्याने कोणाचे हाड मोडत नाही. ज्या गाडीवर बसल्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत, ती चढावर थांबली की कोणत्या तरी एका बाजूला कलणारच. कलल्यावर ती सावरण्यासाठी खालची जमीन पायाला मिळाली नाही, तर एकशे दहा किलोंचा भार घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. ऐन वेगात होणाऱ्या अपघातांची चर्चा पुष्कळ होते. नवशिक्याची गाडी मात्र बहुतेक वेळा जागच्या जागी किंवा चालण्याच्या वेगात पडते.

विक्रेते यावर एक उत्तर हमखास देतात : ‘मोड बदला, शक्ती कमी होईल.’ ते खरे आहे. वार्गची शक्ती मोबाइलसारख्या पडद्यावरून हवी तेवढी कमी करता येते. १२५ सीसीच्या गाडीसारखी वागवायची की ४५० सारखी, हे चालकाच्या हातात असते. पेट्रोलच्या गाडीत ही सोय कधीच नव्हती, आणि इलेक्ट्रिक गाडीचा हा फार मोठा गुण आहे. पण बटण दाबून वजन कमी होत नाही आणि आसनाची उंचीही खाली येत नाही. म्हणून निवडीची सुरुवात शक्तीच्या आकड्यापासून न करता उंची, वजन आणि जमीन या तिन्हींपासून करावी, असे आमचे मत आहे. वृत्तपत्र कचेरीत येणाऱ्या प्रसिद्धिपत्रकांत वेगाचा आकडा पहिल्या ओळीत असतो आणि वजनाचा शेवटच्या पानावरील तक्त्यात. वाचणाऱ्याने ती पत्रके उलटीकडून वाचावीत.

एक साधी परीक्षा आहे. गाडी हलक्या उतारावर आडवी ठेवावी आणि एकट्याने उभी करून पाहावी. एकदा नव्हे, लागोपाठ पाच वेळा. लाइट बीच्या गटातील गाडी बहुतेक प्रौढांना उचलता येते. वेळ पडली तर दोघे मिळून ती गडग्यापलीकडेही ठेवू शकतात. पूर्ण आकाराची गाडी तिसऱ्या खेपेस नको वाटू लागते. रानात एकटे असताना, उन्हात, हेल्मेट आणि छातीचे कवच घातलेले असताना सहावी खेप कशी असेल, याची कल्पना तेथेच येते.

याचा अर्थ पूर्ण आकाराची गाडी निरर्थक आहे असा नाही. जमीन जितकी वाईट, तितकी ती चांगली वाटू लागते. आपल्या सड्यांवरचा जांभा दगड, त्यात पावसाने पडलेल्या खळग्या, उन्हाळ्यात सुटणारी गोल खडी, हे सारे १९ इंचांच्या लहान चाकाला जाणवते. २१ इंचांचे चाक खळगीत उतरत नाही, तिच्यावरून निघून जाते. ज्यांना गॅरेजात शॉकअप म्हणतात, त्यांची हालचाल लहान गाडीत सुमारे २० सेंटिमीटर असते, मोठीत सुमारे ३०. उडी घेऊन खाली येताना हा दहा सेंटिमीटरचा फरक थेट कण्याला समजतो. नव्वद किलोंचा चालक लाइट बीवर बसला, तर तिचा पुढचा फोर्क प्रत्येक धक्क्याला तळाला आपटेल. तो अधिक कडक स्प्रिंग बसवील, मग चाके बदलील, मग बॅटरी, आणि शेवटी पूर्ण आकाराच्या गाडीइतके पैसे एका लहान गाडीत घालून बसेल. उंची पाच फूट नऊ इंचांच्या वर, वजन पंच्याऐंशीच्या पुढे, पूर्वी मोटरसायकल चालवण्याचा भरपूर अनुभव आणि सरावासाठी खराखुरा ट्रॅक : एवढे सारे जुळत असेल, तर मोठ्या गाडीकडे जाण्यास हरकत नाही. दोहोंच्या मधलीही एक पायरी आहे. सूर-रॉनचीच ‘अल्ट्रा बी’ सुमारे ८५ किलोंची आहे, आणि पेट्रोलची गाडी आधीपासून हाताळणाऱ्यांना ती पुष्कळदा अधिक मानवते.

टॉर्क या शब्दाला पाठ्यपुस्तकात ‘परिबल’ म्हणतात, गॅरेजात ‘पिकअप’. इलेक्ट्रिक मोटर स्थिर अवस्थेपासूनच जवळजवळ पूर्ण परिबल देते. क्लच नाही, गिअर नाहीत, इंजिनाचा चढत जाणारा आवाजही नाही. त्यामुळे स्कूटर चालवणाऱ्याला या गाड्या पहिल्याच दिवशी सोप्या वाटतात, आणि त्याच कारणाने फसवतात. मूठ जरा अधिक पिळली गेली की पुढचे चाक हवेत. लाइट बीचे दोन्ही ब्रेक सायकलप्रमाणे हातात आहेत. ज्या मुलाला पुढे पेट्रोलच्या मोटोक्रॉस शर्यतीत उतरायचे आहे, त्याने हे ध्यानात ठेवावे : या गाडीवर तोल, नजर आणि शरीराची ठेवण शिकता येते, क्लच आणि पायाचा ब्रेक शिकता येत नाही. भारतात ही स्वप्ने आता दूरची राहिलेली नाहीत. सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण केली, तेव्हा ते तेथवर पोहोचणारे पहिले भारतीय ठरले. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगचा पहिला हंगाम जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात सुरू झाला.

विजेचा हिशेब सोपा आहे, कारण एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरील एक युनिट. लाइट बीची बॅटरी साधारण दोन युनिट घेते, पूर्ण आकाराची सहा ते सात. त्यातून किती किलोमीटर मिळतील, हे जाहिरातीवरून ठरवू नये. तेथील आकडे सपाट जमिनीवरील संथ वेगाचे असतात. चढ, वाळू आणि चिखल यांत ते सहज निम्म्यावर येतात. पणजी, मडगाव किंवा म्हापसा येथे फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी खरा प्रश्न निराळाच आहे. लाइट बीची बॅटरी काढून वर घरात नेता येते. वार्गची बॅटरी सांगाड्याचाच भाग असल्याने गाडीच चार्जिंगच्या ठिकाणी न्यावी लागते. खाली स्वतःचे गॅरेज आणि १६ अँपिअरचे पक्के अर्थिंग असलेले सॉकेट नसेल, तर मोठ्या गाडीचा विचार तेथेच संपतो. बॅटरी घरात चार्ज करताना ती बाहेर पडण्याच्या दाराजवळ किंवा जिन्यात ठेवू नये आणि रात्रभर जोडून झोपू नये.

किमतीत साधारण एकास तीन असे प्रमाण आहे. वार्ग बाजारात आली तेव्हा अमेरिकेत तिची किंमत ११,९०० डॉलर होती. लाइट बी तेथे चार ते साडेचार हजारांच्या घरात मिळत आली आहे. परदेशातून गाडी मागवणाऱ्याला वर आयातशुल्क आणि लिथियम बॅटरीच्या वाहतुकीचा खर्च आलाच. पण पैशापेक्षा कंपनी टिकेल का, ही चिंता मोठी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या आल्टा मोटर्सने ‘रेडशिफ्ट’ ही वाखाणली गेलेली इलेक्ट्रिक मोटोक्रॉस गाडी काढली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये कारभार गुंडाळला. स्वीडनची केक कंपनी २०२४ च्या सुरुवातीस दिवाळखोरीत गेली. केटीएमसारखी जुनी कंपनीही नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाच्या दारात उभी राहिली आणि २०२५ मध्ये तिला सावरले ते पुण्याच्या बजाज ऑटोच्या भांडवलाने. पेट्रोलच्या गाडीचा पिस्टन कोणताही हुशार मिस्त्री जुळवून घेतो. बंद पडलेल्या कंपनीचा कंट्रोलर तसा जुळत नाही. लहान गाड्या जगभर मोठ्या संख्येने विकल्या गेल्याने त्यांचे सुटे भाग इतर उत्पादकही बनवतात. ही बाजू लहान गाडीच्या पारड्यात पडते.

आता कायदा, ज्याबद्दल दुकानात सर्वाधिक चुकीचे सांगितले जाते. ‘इलेक्ट्रिक आहे, नोंदणी लागत नाही’ हे वाक्य केवळ एका वर्गाला लागू पडते : ज्या दुचाकीची शक्ती २५० वॉटच्या आत आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, आणि अधिकृत चाचणीसंस्थेने तसे प्रमाणित केले आहे. लाइट बीची कमाल शक्ती या मर्यादेच्या वीस पटींहून अधिक आहे. त्यामुळे ‘लहान’ गाडीही रस्त्यावर येताच मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मोटार वाहन ठरते आणि तिला नोंदणी, विमा, परवाना हे सारे लागते. बंदिस्त ट्रॅकसाठी बनवलेल्या गाडीला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता नसते, म्हणून नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणून विमा नाही. घरापासून सड्यापर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरच्या डांबरी रस्त्यावर कोणी जखमी झाले, तर भरपाईचा सारा बोजा मालकाच्या खिशावर येतो.

मुलाच्या बाबतीत परिणाम याहून कठोर आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ सांगते, की अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक अथवा वाहनमालक दोषी मानला जाईल. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड. शिवाय त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. बारावीच्या निकालाची भेट म्हणून गाडी आणणाऱ्यांनी हे कलम दुकानात जाण्यापूर्वी वाचावे. ज्यांना गाडी रस्त्यावरही हवी आहे, त्यांनी या दोन्ही गटांचा नाद सोडून रस्त्यासाठीच बनवलेल्या गाड्यांकडे पाहावे. बंगळूरच्या अल्ट्राव्हायोलेटने मार्च २०२५ मध्ये सादर केलेली ‘शॉकवेव्ह’ हे तिचे उदाहरण : सुमारे १२० किलो वजन, साडेचौदा अश्वशक्ती आणि क्रमांकाची पाटी लावण्याची सोय.

गाडी घेतली, तरी चालवणार कोठे? गोव्यात किनाऱ्यावर वाहन चालवण्यास मनाई आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग येथे तर कासवे अंडी घालण्यास येतात; तेथे चाकाची खूणही उमटता कामा नये. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्ये वर्ज्य. उरले सडे आणि बंद पडलेल्या खाणींचा परिसर. खाणींच्या कडा ठिसूळ असतात आणि खंदकांत खोल पाणी साचलेले असते. सडा मोकळा दिसतो, पण तो कोणाचा तरी असतो : कोमुनिदादीचा, सरकारचा अथवा खासगी भाटकाराचा. परवानगी लेखी घ्यावी. आवाज नसणे हा या गाड्यांचा मोठा गुण मानला जातो आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने तो आहेच. पायवाटेने डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन येणाऱ्या बाईला किंवा चरणाऱ्या म्हशींना मात्र मागून येणारी मुकी गाडी कळत नाही. हँडलला सायकलची साधी घंटी लावणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

म्हणून ज्यांच्याकडे स्वतःची किंवा परवानगीची थोडी जमीन आहे, वजन सत्तरच्या आसपास आहे आणि हौस रविवारपुरती आहे, त्यांनी लहान गाडी घ्यावी, मग शेजाऱ्याने कोणतीही घेतली असो. पूर्ण आकाराची गाडी बंगळूर-पुण्याकडील ट्रॅकवर नियमित जाणाऱ्यासाठी आहे, आणि ती नेण्यासाठी पिकअप व उतरवण्याची फळी हेही त्याच खर्चात धरावे.

जून ते सप्टेंबर गाडी उभीच राहणार असेल, तर बॅटरी पूर्ण भरून अथवा पूर्ण रिकामी ठेवू नये. निम्म्याहून थोडी अधिक भरून कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्यातून एकदा पाहावी. लाल चिखल धुताना जोराच्या फवाऱ्याचे तोंड कनेक्टर आणि बेअरिंगांकडे धरू नये. चेन पुसून तेल द्यावे, कारण किनाऱ्यालगतची खारी हवा गंज चढवताना आकार पाहत नाही.