सोवळ्याआडचे घर : जलालपूरच्या गोखले कुटुंबातील एकाकीपण

एकोणिसाव्या शतकातील नाशिकचा इतिहास घाट, देवळे, सिंहस्थ आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांच्या आधारे सहसा लिहिला जातो. परंतु या क्षेत्राच्या परिसरातील घराघरांत माणसांच्या मनावर कोणता भार पडत होता, हे त्या साधनांतून कळत नाही. ही उणीव काही अंशी भरून काढणारे साधन म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र, जे १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या, गोदाकाठच्या जलालपूर गावी गोखले घराण्यात झाला. बाहेरून पाहता हे घर खाऊनपिऊन सुखी आणि देवधर्म सांभाळणारे, म्हणजे त्या काळच्या इतर ब्राह्मण घरांसारखेच होते.

या घराचे सारे व्यवहार वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, सोवळ्याभोवती फिरत. सोवळे म्हणजे स्नानानंतर धुतलेले किंवा रेशमी वस्त्र नेसून, कोणाचाही स्पर्श होऊ न देता पूजा, स्वयंपाक आणि भोजन करण्याचा नियम. तो मोडला की ओवळे झाले, आणि पुन्हा स्नान आले. सामान्य घरांत हा नियम देवघर आणि स्वयंपाकघर यांपुरता असे. नानांनी मात्र त्याला सीमाच ठेवली नाही. बाजारातून आलेले धान्य धुतल्यावाचून घरात चालत नसे. धुतलेले धान्य उन्हात पूर्ण वाळवावे लागते, वाळेपर्यंत राखावे लागते, आणि मध्येच कोणाचा स्पर्श झाला तर सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो. हे कष्ट नियम घालणाऱ्याच्या नव्हे, तर घरातील बायकांच्या वाट्याला येत.

लक्ष्मीबाई या वेडाचे मूळ १८५७ च्या बंडाशी जोडतात. त्यांच्या आईच्या वडिलांना त्या बंडापायी फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर नानांच्या मनात विटाळाची धास्ती बसली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : ज्या मृत्यूने जावयाचे मन ढळले, त्याच मृत्यूने त्यांच्या पत्नीचे पितृछत्र हरपले होते, तरी घराने सांभाळली ती जावयाची धास्ती, आणि लेकीच्या दुःखाला त्या घरात जागा उरली नसावी. नाना घराबाहेर पडले की घर मोकळा श्वास घेई, यावरून तेथील दडपणाची कल्पना येते. क्षेत्राच्या ठिकाणी कर्मठपणाला मान असल्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना जे आचारनिष्ठ वर्तन दिसे, तेच घरच्यांना जाच वाटे, आणि त्याबद्दल गाऱ्हाणे करण्याची सोय नव्हती.

लक्ष्मीबाईंच्या सांसारिक आयुष्यात हेच एकाकीपण वेगळ्या रूपाने आले. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी शिकलेले हे बुद्धिमान कवी एका ठिकाणी फार काळ टिकत नसत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई लहान मुलासह नातेवाइकांच्या आश्रयाला राहिल्या. नवरा जिवंत असल्याने त्या विधवा नव्हत्या, आणि तो धर्माबाहेर गेल्याने संसारही उरला नव्हता. धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा १८६६ चा कायदा होता, पण त्याखाली अर्ज करण्याचा अधिकार धर्मांतर करणाऱ्यालाच होता. मागे राहिलेल्या जोडीदाराला त्याने काहीच दिले नव्हते. पुढे त्या पतीकडे परतल्या, प्रथम आपले खाणेपिणे वेगळे ठेवले, आणि हळूहळू जातीचे निर्बंध सोडून १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

नाना आणि टिळक यांची मते परस्परविरोधी होती. एकाने आचार कवटाळला, दुसऱ्याने तो टाकला. तथापि दोन्ही घरांत निर्णय पुरुषाच्या श्रद्धेने झाला आणि त्याची झळ पत्नीला लागली, हे साम्य दुर्लक्षिता येत नाही. कौटुंबिक ताणाचे कारण केवळ जुन्या रूढीत शोधणारी मांडणी म्हणूनच अपुरी ठरते. लक्ष्मीबाईंना टिळकांनी अक्षरओळख करून दिली होती, म्हणून त्यांची बाजू नोंदली गेली. त्यांच्या आईची बाजू लेकीने लिहिली तेवढीच आज उपलब्ध आहे.